दोरा बांधलेला टोमॅटो

“दिगू, ह्यो लाल झालाय का रं?”

परसदारातून दादांची हाक आली तेव्हा मी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो. दूध उतू गेलं. दादांनी मला नावाने हाक मारून पाच-सहा वर्षं झाली होती आणि मला काही विचारून पंधरा. ‘जेवण झाकून ठेवलंय’, ‘नळाला पाणी आलंय’, ‘दार ओढून घे’ एवढ्यावर आम्हा बापलेकांचं घर चाललं होतं. कुर्डुवाडीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांना उत्तरं द्यायचो. बार्शी किती वाजता, करमाळा लागली का, टेंभुर्णी गेली का. संध्याकाळी घरी आलो की मला विचारणारं कुणी नसायचं.

गॅस बंद करून मी परसात गेलो. दादा टोमॅटोच्या वाफ्यात उभे होते. अंगात बंडी, डोक्याला मफलर, हातात एक टपोरा टोमॅटो. पण त्यांची नजर टोमॅटोवर नव्हती, माझ्या तोंडावर होती.

मी टोमॅटो घेतला. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबला, नाकाशी नेला. मऊ, भरलेला, वासाला पक्का पिकलेला. यापुढे विचार करण्यासारखं काही नव्हतं. पिकलेला टोमॅटो लाल असतो हे शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असतं.

“लालभडक झालाय की,” मी म्हणालो.

“लालभडक,” दादा म्हणाले. “बरं.”

त्यांनी टोमॅटो माझ्या हातातून परत घेतला, बंडीला पुसला आणि धुण्याच्या दगडावर ठेवून दिला. मग हात झटकून घरात गेले. मी मात्र त्या दिवशी जेवणाचा डबा हलवत, शीळ घालत स्टँडवर गेलो. दादांनी मला रंग विचारला होता आणि मी तो बरोबर सांगितला होता. छत्तीस वर्षांच्या घोड्याला एवढ्यावर हरखायला काय झालं, असं कुणीही म्हणेल. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

मला लाल रंग दिसत नाही. लाल आणि हिरवा माझ्या डोळ्यांना सख्खे भाऊ, दोघेही सारखेच मातकट. सगळा महाराष्ट्र ज्या गाडीला लाल डबा म्हणतो तिच्या नोकरीत माझा जन्म गेला, पण ती लाल असते हे मी ऐकून आहे. हे पहिल्यांदा कळलं ते मी सहा वर्षांचा असताना. आईने परसातून पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं आणि मी सदऱ्याचा ओचा भरून कच्चे तोडून आणले. दादा घरीच होते. “आंधळा हायस का रं?” म्हणून ते पोट धरून हसले. आई हसली नाही. तिने त्या टोमॅटोंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला जवळ ओढलं. तिचे वडील डाळिंबं हुंगून तोडायचे. का, ते तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिकलेल्या टोमॅटोच्या देठाला पांढरा दोरा बांधलेला असायचा. “ज्याला दोरा, तो तोडायचा,” आई म्हणाली. “आणि हे आपल्या दोघांत. दादांच्या कानावर नको.” हळूहळू तिने मला अंगठ्याने दाबायला शिकवलं, नाकाने ओळखायला शिकवलं. दहाव्या वर्षापर्यंत मला दोऱ्याची गरज उरली नाही. तरी ती बांधत राहिली आणि मीही कधी नको म्हणालो नाही.

दादा छोट्या लाइनीवर ड्रायव्हर होते. बारक्या रुळांवरची, माणूस शेजारून पळत गाठू शकेल अशी ती गाडी, पण दादांचा तोरा विमान चालवणाऱ्याचा. मी एकविसाव्या वर्षी रेल्वेची लेखी परीक्षा पास झालो आणि दादांना आभाळ ठेंगणं झालं. ड्रायव्हरच्या पोटी ड्रायव्हर! मेडिकल व्हायच्या आधीच त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. स्वतःची तीन रंगांची हातबत्ती घासून-पुसून माझ्या उशाशी ठेवली. मी गप्प बसलो. आईही गप्प बसली. दोघांनाही वाटलं, निभेल.

सोलापूरला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. माझ्या आधीचा पोरगा त्या ठिपक्यांतून घडाघडा आकडे वाचत होता. मला नुसते ठिपके दिसत होते. अंदाजाने चार आकडे ठोकले आणि चारही चुकले.

संध्याकाळी दादांनी विचारलं, “तुला ठाऊक हुतं?”

मी होकाराची मान हलवली.

“आन् हिला?”

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. दादा आम्हा दोघांकडे पाहून एकच शब्द बोलले. “लबाड.” ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. तो शब्द तिला होता की मला, हे मला आजही सांगता येणार नाही. हातबत्ती उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि त्या दिवसापासून घर मुकं झालं. हे आईकडून येतं असं डॉक्टर म्हणाले होते. आईला ते एवढंच म्हणायचे, “तुझ्या माहेरची खोट.” चार वर्षांनी ती गेली तेव्हाही ती खोट तिच्या नावावरच होती. माझं लग्न झालं नाही. अशा बातम्यांना पाय फुटतात आणि स्थळं आपोआप दुसऱ्या गल्लीला वळतात.

आईच्या माघारी परस दादांनी घेतलं. मी तिकडे फिरकत नसे. भाजी ओट्यावर येऊन पडायची, मी शिजवायचो. मला रंग विचारला त्याच वर्षी पावसाळ्यात भिंतीकडे तोंड करून दादा म्हणाले होते, “टमाट्याचं बी संपलं.” पुढच्याच आठवड्यात कामासाठी सोलापूरला गेलो होतो. तिथे शेतीचं प्रदर्शन लागलं होतं. घरच्या बागेसाठी बियांची पाकिटं विकणारी एक बाई दिसली, त्यांतलं टोमॅटोचं चित्र असलेलं एक पाकीट उचललं आणि घरी आणून ओट्यावर ठेवलं. रोपं दादांनी केली, काठ्या दादांनी लावल्या, पाणी दादांनी घातलं. त्या वाफ्यात माझं म्हणून काही असेल तर ते एवढंच.

तर, ‘लालभडक’ म्हणालो त्या दिवशी दादा स्टेशनवर गेले नाहीत.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं त्यांचा नेम होता. सकाळी सायकल काढायची, फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात नापास करायचं. दुसऱ्या दिवशीही सायकल भिंतीलाच टेकून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. “बरं नाही का?” मी विचारलं. “काय न्हाई,” ते म्हणाले. मला वाटलं, झालं, परत दार बंद.

चौथ्या दिवशी मी स्टँडवरून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती, पण घरात दिवा लावलेला नव्हता. दादा जमिनीवर बसले होते. समोर ती हातबत्ती. त्यांनी खुंटी फिरवली आणि भिंतीवर उजेडाचा गोल पडला.

“ह्यो कंचा?” त्यांनी विचारलं.

पंधरा वर्षांनी हा माणूस माझी पुन्हा परीक्षा घेतोय असं वाटलं.

“दादा, मला नाही कळत. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“तुझं न्हाई इचारत.” त्यांनी बत्ती विझवली. “मलाच कळंना झालंय.”

मी त्यांच्यासमोर बसलो. अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच कदाचित ते बोलू शकले.

“खुंटी डावीकडं फिरवली की लाल. हाताला ठाऊक हाय. मग मला लाल दिसतोय, का ठाऊक हाय म्हून दिसतोय? शिलिंडर लाल, ठाऊक हाय. शिग्नलचा दिवा कंचा कुठं, ठाऊक हाय. एक टमाटाच आपला ठाऊक नव्हता. महिना झाला रोज बघतोय. मला हिरवाच दिसतोय. गळून पडाय लागला तरी हिरवाच. म्हटलं, झाडालाच काय रोग असंल. मग तू हातात घेतलास आन् म्हणलास लालभडक.”

“पण मला कशाला विचारलंत? माझे डोळे असे.”

“दुसऱ्या कुणाला इचारू? गावभर झालं असतं, डायवरचं डोळं गेलं म्हून. आन् तुझं टमाट्यात कधी चुकत न्हाई. तुझ्या आईनं शिकवलंय. ते दोरं मला दिसायचं. मी समजायचो, नजर लागू नये म्हून बांधती.”

रस्त्याने एक रिक्षा गेली.

“तवा मी तुला लबाड म्हणलो हुतो,” दादा म्हणाले. “दिसत नसताना दिसतंय म्हणतो त्यो लबाड. आता मीबी महिनाभर त्येच केलं. कुणाला सांगवंना. फलाटावर समद्यांच्यात बसायचो, पर लई एकटं वाटायचं रं. तुला असंच वाटायचं का?”

“हो,” मी म्हणालो. मग मी उठून दिवा लावला, कारण मला रडू येत होतं आणि दिवा लावायच्या निमित्ताने पाठ फिरवता येत होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. फरक एवढाच, की मला द्यायला देवाने ते दादांकडून काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या शिवणाच्या डब्यातून मी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. वाफ्यात बसून एकेक फळ दाबलं, हुंगलं आणि अकरा फळांच्या देठांना दोरा बांधला. दादा दारात उभे राहून बघत होते.

“ज्याला दोरा, तो तोडायचा,” मी म्हणालो.

“कळलं,” म्हणत ते टोपली घेऊन वाकले.

पुढचे आठ दिवस आम्ही बोललो. अगदी पोट फुटेस्तोवर. मी ड्युटी संपली की वाटेत कुठे न थांबता घरी यायचो. दादा विचारायचे, तुला जास्वंद कशी दिसते, पाला कसा दिसतो, मिरची तोंडात घातल्यावरच कळती का? मी सांगायचो आणि ते मान डोलवायचे. मी आजोबांच्या डाळिंबांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्यांदा ऐकताना म्हणाले, “हे तिनं मला का न्हाई सांगितलं?” मग स्वतःच उत्तर दिलं, “सांगून काय झालं असतं म्हणा.” आईचं नाव इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा नीट घेतलं गेलं. टोमॅटोची कोशिंबीर रोज व्हायची. फार गोड टोमॅटो होते ते.

मध्ये एकच खडा होता. गावात रविवारी डोळ्यांचं शिबिर होतं. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा तर पुरता पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की वर्षभर आणखी थांबलात तर तो डोळा हातचा जाईल. नाव घालून ठेवलेलं होतं. पण त्या दिवसांतच एकदा जेवताना दादा म्हणाले, “त्या शिबिरातलं माझं नाव काढून टाक.”

“का?”

“लालच गेला. आता कशाला चिरून घ्यायचं? असू दे हाय तसं. तू हाईस की दोरं बांधायला.”

तू हाईस की. मला त्यांना समजावायला हवं होतं. मी “बघू” म्हणालो आणि आणखी एक भाकरी वाढली.

बुधवारी सकाळी शेजारच्या सोजरबाई परतल्या. त्या मंडईत भाजी विकायच्या. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने लातूरला होत्या. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं.

“अरं दिगू, कच्चंच का तोडाय लागलायस?”

“कच्चे कुठले मावशी? चांगले पिकलेत.”

“मला शिकवतूस व्हय? तीस वर्सं टमाटं इकतीय. हिरवंगार हायती की समदे.”

मी दोरा बांधलेला एक तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाबला. कपाळाला आठी पडली. पुन्हा दाबला, मग सरळ दातांनी तोडला आणि आत बघितलं.

“अगं बया! आतनंबी हिरवा! आन् साखरंवाणी गोड. कुठलं बी म्हणायचं हे? मंडईत नेलं तर कुणी हात लावायचं न्हाई बघ. हिरवं हाय म्हणून परत करतील.”

दादा तेव्हा पुढच्या दारात दाढी करत होते. मी काहीतरी बोलून सोजरबाईंना वाटेला लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बियांचा पत्र्याचा डबा उघडला. पाकीट होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, की हा टोमॅटो पिकल्यावरही हिरवाच राहतो, दाबून ओळखावा. दिवसभर लोकांना पाटी वाचा म्हणून सांगणाऱ्या माणसाने साधं पाकीट वाचलं नव्हतं. चित्रातला टोमॅटो मला टोमॅटोसारखा दिसला होता.

दादांचे डोळे बरोबर होते. मोतीबिंदूने धुरकट झाले होते, पण हिरव्याला हिरवंच म्हणत होते. चूक माझ्या तोंडाची होती. मला फक्त पुढच्या दारापर्यंत जायचं होतं आणि सांगायचं होतं.

मी गेलो नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सकाळी दोरे बांधायचो, संध्याकाळी गप्पा मारायचो. मनाला सांगायचो, रविवारला अजून अवकाश आहे. खरं कारण दुसरंच होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. डोळे बरोबर आहेत म्हटल्यावर दादा परत ड्रायव्हर होणार, सायकल काढणार, फलाटावर जाणार आणि मी परत लबाड होणार. या वेळी तर खराखुरा. ते तीन दिवस मी लबाड होतो आणि आयुष्यात कधी नव्हतो इतका सुखात होतो.

शनिवारी संध्याकाळी दादांनी चहा केला. म्हणाले, “बस तू, आज माझ्या हातचा घे.” मी बसलो. त्यांनी पातेलं उचललं, कपाच्या शेजारी ओट्यावर धार धरली आणि ओतत राहिले. चहा ओट्यावरून खाली त्यांच्या पायावर आला तेव्हा त्यांना कळलं. “हँडल ढिलं झालंय ह्याचं,” ते म्हणाले आणि भिंत चाचपत मोरीकडे गेले. त्या चाचपणाऱ्या हाताकडे माझ्याने पाहवेना.

ते पाय धुऊन आले तेव्हा मी पाकीट हातात घेऊन उभा होतो.

“दादा, ते टोमॅटो हिरवेच आहेत.”

“आं?”

“ती जातच तशी आहे. पिकले तरी हिरवे, कापले तरी हिरवे. ह्या पाकिटावर लिहिलंय. तुम्हाला दिसलं ते बरोबर होतं. लाल कुठे गेला नाही.”

त्यांनी पाकीट घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. त्यांना काही वाचता येणार नव्हतं, तरी बराच वेळ तसंच धरून उभे राहिले.

“मग लालभडक का म्हणलास?”

“तुम्ही पंधरा वर्षांनी मला काहीतरी विचारलं होतं. मला येत नाही असं म्हणायचं नव्हतं.”

“आन् हे तुला कवा कळलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. आज कळलं म्हटलं असतं तर भागलं असतं.

“बुधवारी,” मी म्हणालो.

दादांनी बोटांवर दिवस मोजले नाहीत, पण मोजल्यासारखे ओठ हलले. मी त्या एका शब्दाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवलं, सांडलेला चहा फडक्याने पुसला आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मी परसात गेलो आणि उजेड होता तोवर एकेक करून सगळे दोरे सोडवले. शरम वाटत होती म्हणून सोडवले, दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी दादा धुतलेलं धोतर नेसून, हाताला घड्याळ बांधून शिबिराला निघाले. मला चल म्हणाले नाहीत. मी दहा पावलं मागे चालत राहिलो. धर्मशाळेत नावं लिहून घेणाऱ्या पोरीने विचारलं, “सोबत कोण आहे आजोबा?” दादा मागे न बघता म्हणाले, “पोरगा हाय. येतोय मागनं.”

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधून आम्ही घरी आलो. मी डोळ्यात थेंब घालायचो, ते मान वर करून घालून घ्यायचे. ‘जेवण झाकून ठेवलंय.’ ‘नळाला पाणी आलंय.’ ‘दार ओढून घे.’ घर होतं तसं झालं. त्या आठ दिवसांच्या आधी मला त्या शांततेची सवय होती. आता ती सवय मोडली होती आणि घरात जीव गुदमरायचा. स्टँडवर कुणी साधं ‘मोडनिंब किती वाजता’ विचारलं तरी मी दोन वाक्यं जास्त बोलायचो.

पुढे पट्टी सुटली, काळा चष्माही सुटला. एका सकाळी मी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो. दादा टोपली घेऊन परसात गेले. खिडकीतून दिसत होते. नव्या डोळ्याने पानाच्या शिरा बघत होते, पलीकडच्या भिंतीवरची मुंग्यांची रांग बघत होते, सोजरबाईंचं दोरीवरचं लुगडं बघत होते. मग वाफ्यात वाकले. या झाडाकडून त्या झाडाकडे गेले, परत आले. एक फळ हातात घेतलं, सोडून दिलं. दुसरं घेतलं. बराच वेळ गेला.

ते आत आले तेव्हा टोपली रिकामी होती. ती त्यांनी माझ्यापुढे ओट्यावर ठेवली.

“समदं लख्ख दिसतंय,” ते म्हणाले. “मुंगीचा पाय दिसतोय. पर पिकलेला कंचा, त्ये काय कळंना.”

मी टोपली जवळ ओढली.

“दोरं कशाला काढलंस? बांध जा. मग जा कामाला.”

दूध उतू गेलं.

त्यानंतर दादा सात वर्षं होते. ते आठ दिवस काही परत आले नाहीत, खोटं कशाला सांगू. ते स्टेशनवर जायचे, मी स्टँडवर. पण मी दरवर्षी त्याच टोमॅटोचं बी धरायचो, दरवर्षी दादा रोपं करायचे, आणि हिवाळा लागला की दादा रोज सकाळी टोपली घेऊन परसदारात थांबायचे. मी दोरे बांधून उठलो की ते वाकायचे. बाजारातून लाल टोमॅटो त्यांनी पुन्हा कधी घरात येऊ दिला नाही.

आता मीही निवृत्त झालो. सोजरबाईंनी एकदा भिंतीवरून विचारलं, “एकटाच ऱ्हातूस, दोरं कुणाला बांधतूस रं?” मी म्हणालो, नजर लागू नये म्हणून. सकाळी वाफ्यात बसतो, दाबतो, हुंगतो, पिकलेल्याला दोरा बांधतो. मग घरात येऊन दूध तापवतो. दूध तापलं की टोपली घेऊन परसदारात थोडा वेळ थांबतो आणि ज्याला दोरा असेल तो तोडतो.